आयुर्वेदाची सुरुवात बाटलीतून होत नाही



मे महिन्यातली गोष्ट. तारकर्लीला सुट्टीसाठी आलेलं एक जोडपं संध्याकाळी सातच्या सुमारास दवाखान्यात आलं. नवऱ्याला दोन उलट्या झालेल्या, पोट जड, डोकं ठणकत होतं. मासळी बाधली का, ही त्यांची काळजी. दिवसभराची हकीकत विचारली. दुपारी अडीचला सुरमईची थाळी, वर तिसऱ्यांचं सुकं, शेवटी भात आणि आग्रहाने दोन वाट्या सोलकढी. साडेतीनला ‘आयुर्वेदिक अभ्यंग आणि वाफ’ असं तासाभराचं पॅकेज. बाहेर मालवणचा मे महिना, म्हणजे अंगातून घामाच्या धारा लागलेल्याच, आणि त्यात हे गृहस्थ वाफेच्या पेटीत.

मी म्हटलं, भरल्या पोटी अभ्यंग करू नये हे त्यांनी सांगितलं नाही का? त्यावर बाईंनी मला विचारलं, ‘‘पण डॉक्टर, आयुर्वेदिकच होतं ना? त्याने कसा त्रास होईल?’’

आजचा लेख या एका प्रश्नासाठी आहे. मी स्वतः आयुर्वेदाचा पदवीधर आहे, याच शास्त्रावर माझं घर चालतं. म्हणूनच हे लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर जास्त आहे असं मला वाटतं.

आधी त्यांच्या त्रासाबद्दल. थाळीचा वाटा किती आणि वाफेचा किती, हे कुणालाच मोजून सांगता येणार नाही. पण अजीर्ण असताना अभ्यंग करू नये, कफ वाढलेला असताना करू नये, शोधन झाल्यावर लगेच करू नये, हे वाग्भटांनी ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या प्रकरणातच सांगून ठेवलं आहे. म्हणजे अभ्यंगाचे फायदे जिथे लिहिले आहेत, तिथेच तो कुणी टाळावा हेही लिहिलं आहे. आपण पहिलं वाचतो आणि जाहिरातीत छापतो. दुसरं गळून जातं.

आयुर्वेदाचे हेतू दोन. निरोगी माणसाचं आरोग्य टिकवणं हा पहिला आणि आजारी माणसाचा आजार दूर करणं हा दुसरा. क्रम लक्षात घ्या. औषध दुसऱ्या नंबरावर आहे. सुश्रुतांनी निरोगी कुणाला म्हणावं ते सांगताना दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया समतोल हव्यात असं म्हटलं, आणि त्याला लागूनच मन आणि इंद्रियं प्रसन्न हवीत असंही म्हटलं. रिपोर्ट नॉर्मल आहेत पण रात्रभर झोप नाही, असा माणूस या व्याख्येत निरोगी बसत नाही.

वात, पित्त, कफ यांच्याबद्दल दोन शब्द. दवाखान्यात येऊन ‘‘माझं पित्त किती वाढलंय ते रक्तातून कळेल का?’’ असं विचारणारे दर आठवड्याला भेटतात. नाही कळणार. दोष ही रक्तात सापडणारी वस्तू नव्हे. शरीरात चाललेल्या गोष्टींची वर्गवारी करण्याची ती एक भाषा आहे. हालचाल, कोरडेपणा, वेदना, अस्थिरता दिसली की वैद्य वाताचा विचार करतो. उष्णता, जळजळ, पचन यांत पित्ताचा. जडपणा, चिकटपणा, सूज यांत कफाचा. ही भाषा निरीक्षणाला फार उपयोगी आहे. पण ती निदानाच्या प्रत्येक गरजेला पुरते असा माझा दावा नाही. छातीत कळ आली तर मी वाताची चर्चा करत बसत नाही, ईसीजी काढायला पाठवतो. आणि मोबाइलवर दहा प्रश्नांची उत्तरं देऊन स्वतःची प्रकृती ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की करमणूक म्हणून जरूर करा, पण त्यावरून दूध, भात किंवा मासे कायमचे बंद करू नका.

दोषांपेक्षाही रोजच्या जगण्यात जास्त उपयोगी पडणारा शब्द म्हणजे अग्नी, साध्या भाषेत पचवण्याची ताकद. भूक लागली आहे का? कालचं जेवण पचलं आहे का? ढेकर स्वच्छ येतो का, पोट हलकं आहे का? एवढे प्रश्न स्वतःला विचारून मगच पुढचा घास घ्यायचा. यात पैसे लागत नाहीत, म्हणून कदाचित याची जाहिरात होत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. आयुर्वेदात देश, म्हणजे राहण्याचा प्रदेश, फार महत्त्वाचा मानला आहे. कोरड्या प्रदेशाला जांगल म्हटलं आहे आणि पाणथळ, दमट प्रदेशाला आनूप. आपली किनारपट्टी आनूप. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाराही महिने हवेत ओल. त्यामुळे राजस्थानातल्या माणसाला सकाळी चार चमचे तूप मानवेल म्हणून ते देवबागातल्या माणसाला मानवेल असं नाही. समाजमाध्यमांवरचे सल्ले वाचताना हा सल्ला कोणत्या हवेतला आहे, हे आधी बघा.

आणि गंमत अशी, की आपल्या जुन्या घरांत बराचसा आयुर्वेद त्याचं नावही न घेता चालू होता. सकाळची उकड्या तांदळाची पेज घ्या. पंचकर्म झालेल्या रुग्णाला पुन्हा जेवणावर आणताना पहिल्यांदा जी ‘पेया’ देतात, ती हीच. पातळ, गरम, पचायला हलकी. त्यानंतर घट्ट विलेपी, मग कडधान्याचं कढण. आमच्या आजीने ताप उतरलेल्या पोराला आधी पेज, मग मऊ भात, मग कुळथाची पिठी याच क्रमाने वाढलं. तिने चरकसंहिता पाहिलीही नव्हती. (मधुमेह असलेल्यांनी मात्र पेजेचा वाडगा भरून घेऊ नये. ती लवकर पचते, म्हणजे साखरही लवकर वाढवते. वाटीभर आणि सोबत काही कडधान्य, एवढं पुरे.)

गोकुळाष्टमीला आपल्याकडे शेगलाची भाजी होते, पावसाळ्याच्या सुरुवातीला टाकळा येतो, दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लागतं. अभ्यंग आणि उद्वर्तन हे शब्द जड वाटतात, पण चावदिसाच्या पहाटे आई जे करायची ते तेच. पाऊस संपून हवा कोरडी व्हायला लागते तेव्हाच हे सण येतात. तो अभ्यंग वर्षातून एकदाच न करता आठवड्यातून एक-दोनदा करा, एवढंच माझं म्हणणं. आपल्या हवेत खोबरेल उत्तम. रोज सगळ्या अंगाला जमत नसेल तर डोकं आणि तळपाय पुरेत. ज्येष्ठांनी तेल लावून ओल्या न्हाणीत जाऊ नये. माझ्याकडे अभ्यंगाने बरे झालेले जेवढे आले असतील, त्यात तेलाच्या पायाने घसरून खुबा मोडलेल्या एका आजींना मी विसरू शकत नाही. पाय शेवटी, बसून, पुसून.

इथे एक ठिकाणी मी ग्रंथाला सोडून सल्ला देतो. कानात तेल घालावं असं दिनचर्येत सांगितलं आहे. मी आपल्या किनाऱ्यावर, विशेषतः पावसाळ्यात, ते घालू देत नाही. दमट हवेत कानात बुरशी धरते आणि पडद्याला भोक असेल तर तेल आत जातं. कान तपासल्याशिवाय तेल नाही. यात ग्रंथाचा अपमान आहे असं काही मित्रांना वाटतं. देश आणि काळ बघून वाग, असं त्याच ग्रंथांनी मला शिकवलं आहे.

दुसरी गोष्ट ब्राह्ममुहूर्ताची. पहाटे उठावं, हे खरं. पण रात्री दोनला होडी घेऊन जाणाऱ्या आणि सकाळी जाळी झाडत बसणाऱ्या माणसाला मी हे कोणत्या तोंडाने सांगू? वाग्भटांनी त्याचीही सोय केली आहे. रात्री जागरण झालं तर जेवढा वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणाच्या आधी, झोपून घ्या. आधी झोप, मग जेवण. आमचे बरेच मच्छीमार उलटं करतात. थकून येतात, पोटभर भात-आमटी जेवतात आणि लगेच आडवे होतात. मग आंबट ढेकर, छातीत जळजळ, वाढलेलं पोट. पेजेवर किंवा एखाद्या केळ्यावर झोपा, उठल्यावर जेवा. एवढ्या एका बदलाने ॲसिडिटीची गोळी सुटलेले लोक माझ्याकडे आहेत.

तिसरी गोष्ट बाजारात मासे विकणाऱ्या माझ्या बहिणींसाठी. आयुर्वेदाने न अडवण्याचे १३ वेग सांगितले आहेत. लघवी, शौच, शिंक, जांभई, ढेकर, भूक, तहान, झोप, अश्रू असे. सकाळी सहाला पाटी घेऊन बसलेली बाई दुपारी एकपर्यंत लघवीला जात नाही, कारण जवळ धड जागा नसते आणि पाटी सोडून जाता येत नाही. जावं लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. मग लघवीची जळजळ, ताप, मुतखडा. तिला मी गोक्षुराचा काढा देऊ शकतो, पण तिचं खरं औषध म्हणजे बाजाराजवळचं स्वच्छ शौचालय आणि पाटीकडे दहा मिनिटं बघणारी शेजारीण. मला विचाराल तर असं शौचालय बांधणं हे आयुर्वेदाचं जितकं मोठं काम आहे, तितकं कुठलंही स्पा नाही.

माशांबरोबर दूध घेऊ नये हा नियम सगळ्यांना पाठ असतो, आणि त्यावरून पर्यटक मला हमखास विचारतात, की मग सोलकढी कशी चालते? अहो, सोलकढीत गाईचं दूध नसतं. नारळाचा रस आणि कोकम. विरुद्ध आहाराचा तो नियम तिला लागू होत नाही. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येतो, या समजुतीला मात्र आधुनिक वैद्यकात आधार नाही. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच रंगपेशींवर हल्ला केल्यामुळे होतो. ज्यांच्या अंगावर असे डाग आहेत त्यांना ‘‘काय खाल्लंस?’’ असं विचारून आणखी दुखवू नका.

सोलकढीचा खरा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मीठ. चरकसंहितेच्या विमानस्थानात तीन पदार्थ अति प्रमाणात घेऊ नका म्हणून सांगितलं आहे. पिंपळी, क्षार आणि मीठ. इतक्या जुन्या काळी मीठ त्या यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटना आज मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, सगळ्या पदार्थांत मिळून. आता आपलं पावसाळ्यातलं ताट बघा. १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते आणि खारा बांगडा, सुकी सुंगटं बाहेर निघतात. सोबत लोणचं, पापड, आणि आगळाची सोलकढी. आगळ मीठ घालूनच टिकवलेलं असतं. माझ्या वहीत जून ते ऑगस्टमध्ये रक्तदाब वर गेलेल्यांची नावं दरवर्षी तीच असतात. सुके मासे खाऊ नका असं मी म्हणणार नाही, मालवणात राहून असं बोलण्याची माझी छाती नाही. पण दोनदा पाण्यात भिजवून ते पाणी फेका, त्या दिवशी पापड-लोणचं नको, आणि कढीसाठी आगळाऐवजी बिनमिठाची सोलं भिजवा. सैंधव खाल्लं की चालतं, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, तेही बहुतांशी तेच मीठ आहे.

इथवर सगळं सोपं आणि बिनधोक होतं. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे पन्नाशीतले एक गृहस्थ आले. मधुमेह दहा वर्षांचा, गोळ्या चालू, साखर बऱ्यापैकी ताब्यात. मध्ये कुणीतरी त्यांना पार्सलने येणारं एक चूर्ण सांगितलं. तीन महिन्यांत मधुमेह मुळापासून जाईल, असं डब्यावर लिहिलेलं. त्यांनी गोळ्या बंद केल्या. मला सांगितलं नाही, कारण मी ओरडेन. पाच महिन्यांनी आले ते पायाच्या अंगठ्याची जखम घेऊन. साखर चारशेच्या वर. ‘‘डॉक्टरानू, आयुर्वेदिक औषध असा, तेचो साइड इफेक्ट खंयचो?’’ हे त्यांचं वाक्य अजून माझ्या कानात आहे. त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पाय वाचला, दोन बोटं गेली.

त्या चुर्णात विष होतं असं नाही. कदाचित त्यात नुसती मेथी आणि जांभळाची बी असेल. नुकसान झालं ते बंद केलेल्या गोळ्यांमुळे. आयुर्वेदाच्या नावाने होणारं सगळ्यात मोठं नुकसान मला तरी याच प्रकारचं दिसतं.

आणि ‘साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य तर मुळातच आयुर्वेदाचं नाही. नीट वापरलं तर विषही औषध होतं आणि चुकीचं वापरलं तर औषधही विष होतं, असं चरकांचं मत आहे. २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आमच्यातले काही जण म्हणतात, हा आयुर्वेदाला बदनाम करण्याचा डाव. मी म्हणतो, भस्म आणि रसौषधी ही वैद्याच्या देखरेखीखाली, ठरावीक मात्रेत, ठरावीक दिवस देण्याची गोष्ट आहे. ती दुकानातून उचलून वर्षभर खाण्याची नाही. यात बदनामी कसली?

गुळवेलीचंच बघा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच वनस्पती घेऊन, पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांवर तिचा शिस्तीत अभ्यास केला. कोणाला, किती, किती दिवस, हे ठरवून. आणि कोरोनाच्या काळात काय झालं? ज्याने त्याने कुंपणावरची वेल तोडून महिनोन्‌महिने काढा प्यायला. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी अशा काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, दिसायला सारख्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल असं म्हटलं. समजा गल्लतच झाली. पण मग तुमच्या कुंपणावरची वेल कोणती, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? काढा पिताना भूक गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले तर तो त्याच दिवशी थांबवा आणि तपासणीला या.

पंचकर्माबद्दल थोडक्यात. वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण ही उपचारकर्मं आहेत. त्याआधी काही दिवस पूर्वकर्म लागतं आणि नंतर पेजेपासून सुरू होणारा आहारक्रम लागतो. शनिवारी येऊन रविवारी परत जाणाऱ्या माणसाचं पंचकर्म होत नाही, मालिश होतं. मालिश चांगलंच आहे, अंग हलकं होतं, झोप लागते. त्याला मालिश म्हणा आणि तेवढेच पैसे द्या.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. आपल्या जिल्ह्यात लावणीच्या दिवसांत लेप्टो येतो. उंदरांच्या मुतातले जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात असतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून आत शिरतात. अचानक सणकून ताप, पोटऱ्या आणि कंबर भयंकर दुखणं, डोळे लाल होणं, अशी सुरुवात. या तापात सुरुवातीचे दिवस फार मोलाचे असतात. वेळेत प्रतिजैविक मिळालं तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस धोक्यात येतात. तेव्हा शेतात उतरलेल्या माणसाला ताप आला तर आल्या-तुळशीच्या काढ्यावर दोन दिवस ‘बघूया’ म्हणू नका. काढा प्या, माझी ना नाही, पण तो पीत पीत ग्रामीण रुग्णालयात जा आणि शेतात काम केल्याचं तिथे सांगा. पायाला भेगा असतील तर लावणीच्या आधीपासूनच रात्री कोकमाचं मुठेल गरम करून भरा. हा आजीचा उपाय मी आजही देतो, भेगा खरंच भरतात. पण उघडी जखम घेऊन चिखलात उतरू नका, आणि प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते आरोग्य केंद्रात विचारा.

औषधाची जाहिरात बघाल तेव्हा १९५४ चा एक कायदा लक्षात ठेवा. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग अशा आजारांवर खात्रीचा इलाज म्हणून औषधाची जाहिरात करायला त्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे जो ‘मुळापासून बरं’ असं छापतो, तो छापतानाच कायदा मोडत असतो. अशा माणसाच्या डब्यातल्या मालावर किती विश्वास ठेवायचा?

माझ्याकडे याल तेव्हा एक करा. घरात चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. डॉक्टरांच्या गोळ्या, माझी चूर्णं, शेजारणीने दिलेली मुळी, पार्सलचे डबे, सगळं. मी ओरडणार नाही. आणि शहरातल्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीच पिशवी त्यांच्यासमोरही उघडा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल, दिवस गेले असतील, तर हे विसरून चालणार नाही.

बोटं गेलेले ते गृहस्थ आता दर महिन्याला येतात. इन्शुलिन चालू आहे, ते तालुक्याच्या फिजिशियनकडून. माझ्याकडून ते जेवणाचा तक्ता, पायांची तपासणी आणि झोपेसाठी तळपायाला लावायचं तेल नेतात. अंगावर हलकासा घाम येईपर्यंतच चालायचं, अर्ध्या ताकदीने, हेही त्यांना ग्रंथातूनच सांगितलं आहे, आणि पायात नेहमी चप्पल. गेल्या वेळी आले तेव्हा पिशवीतून एक नवा डबा निघाला. कुणीतरी मुंबईहून पाठवलेला. सील तसंच होतं.

‘‘उघडूक नाय हां,’’ म्हणाले. ‘‘आदी तुमका दाखवूक हाडलंय.’’